स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये 'फोंडा' सापडेना, ते कसं सुटलं

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर, त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत, गोव्याच्या 12 तालुक्यांची यादी केली, नावं रोमन कॅपिटलमध्ये. सगळ्यात लांब धारबांदोडा, रोमनमध्ये 11 अक्षरं, म्हणून डिम टी$(12,11), म्हणजे 11 अक्षरांच्या 12 नावांसाठी टी$ या नावाने जागा राखली. छापलं की यादी बरोबर दिसायची, पण फोंडा टाइप करून शोधलं की 'सापडलं नाही'.

आधी स्पेलिंग तपासलं. मग नावाच्या दोन्ही बाजूंना तारा (* हे चिन्ह) छापला आणि दोष उघडा पडला: पाच अक्षरं, मग सहा मोकळ्या जागा, मग तारा. डिम केलेल्या स्ट्रिंगची (अक्षरांच्या ओळीची) लांबी ठरलेली असते. नाव आखूड असेल तर उरलेली जागा स्पेसने भरते, लांब असेल तर शेपूट गपचूप कापलं जातं, एररही येत नाही. लेन टी$(6), म्हणजे सहाव्या नावाची लांबी विचारा, उत्तर कायम 11.

उपाय सोपा: डिम के$(11) करून शोधायचं नाव इनपुटने थेट के$ मध्येच घ्या. तीही स्पेसने भरते आणि तुलना जुळते. मात्र साधी (डिम न केलेली) के$ आधी वापरात असेल तर ती पुसली जाते. लहान लिपीत टाइप केलं तर जुळणार नाही, कॅप्स लॉक लावा.

छापताना शेपटाच्या स्पेस नको असतील तर एन=11 पासून मागे या, टी$(6,एन), म्हणजे सहाव्या नावाचं एन क्रमांकाचं अक्षर, स्पेस असेपर्यंत एकेक कमी करा. एन शून्य झाला का, ही तपासणी वेगळ्या ओळीत हवी. अँडने ('आणि'ने) त्याच ओळीत जोडली तर हे बेसिक दोन्ही बाजू काढून बघतं आणि रिकाम्या नावावर शून्य क्रमांकाचं अक्षर मागितलं जाऊन 'सबस्क्रिप्ट राँग' (क्रमांक चुकीचा) हा एरर येतो.