डेव्हिड हेडलीचं आयुष्य कागदपत्रांवरून कसं मांडायचं

देश आणि नावं बदलत फिरणाऱ्या जिहादी अतिरेक्याबद्दल लिहायचं असेल तर लिहायला बसू नका. आधी एक आडवं रजिस्टर घ्या. कोर्टाच्या बातम्या देण्यात माझी बरीच वर्षं गेली, आता पत्रकारितेच्या मुलामुलींना शिकवते, आणि पहिल्या तासाला हेच सांगते. रजिस्टरमध्ये पाच रकाने आखा: तारीख, ठिकाण, तिथे कोणत्या नावाने वावरला, खर्च कुणी केला, आणि हे कोण सांगतंय. पाचवा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. तो भरत नसेल तर ती ओळ पेन्सिलने लिहा.

सरावासाठी मी डेव्हिड हेडली देते. त्याची कागदपत्रं शिकागोच्या कोर्टापासून मुंबईच्या विशेष न्यायालयापर्यंत पसरलेली आहेत, आणि त्याने टेहळणी केलेल्या शहरात २६ नोव्हेंबर २००८ पासूनच्या हल्ल्यात १६६ माणसं मेली. हे प्रकरण आपलं आहे, ते आपल्या भाषेत नीट लिहिलं गेलं पाहिजे.

बालपण थोडक्यात उरका. जन्म १९६० चा, वॉशिंग्टनचा, नाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी प्रसारक, आई अमेरिकन. शाळा हसन अब्दालचं कॅडेट कॉलेज. पुढे याच प्रकरणात आरोपी झालेल्या तहव्वूर राणाशी ओळख तिथलीच. सतराव्या वर्षी तो आईकडे फिलाडेल्फियाला आला. दोन डोळ्यांचे दोन रंग, आईचा पब, यावर लोक पानंच्या पानं खर्च करतात. त्यातून काहीच कळत नाही. १९७१ च्या युद्धात भारतीय विमानांनी आपल्या शाळेवर बॉम्ब टाकले, तेव्हापासून भारताचा द्वेष करतो, असं त्याने सांगितलंय खरं, पण ते २०१६ च्या उलटतपासणीत. म्हणून ते २०१६ च्या ओळीत लिहा. पंचेचाळीस वर्षांनी सांगितलेलं कारण आणि त्या वेळचं कारण एकच असेल असं धरून चालू नका.

आता नावाचा रकाना. इथे थांबा, सावकाश वाचा. गुन्हा कबुलीच्या करारानुसार २००२ ते २००५ या काळात तो लष्कर-ए-तैयबाच्या प्रशिक्षणाला पाच वेळा गेला. २००५ च्या अखेरीस भारतात जाऊन टेहळणी करण्याची सूचना मिळाली. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलाडेल्फियात त्याने कायदेशीररीत्या नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली केलं. सप्टेंबर २००६ मध्ये तो मुंबईत होता. या चार ओळी एकाखाली एक आल्या की माणूस दिसायला लागतो. दाऊद गिलानी हे नाव कागदावरून पुसलं गेलं, आणि अमेरिकन पासपोर्टवर एक गोरा व्यावसायिक उतरला. राणाच्या इमिग्रेशन व्यवसायाची शाखा म्हणून ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये ऑफिस थाटलं गेलं. सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात त्याने मुंबईच्या पाच लांब खेपा केल्या.

या खेपांमध्ये त्याला भेटलेले मुंबईकर बहुतेक साधे लोक होते. कुणी खोली दिली, कुणी जिममध्ये गप्पा मारल्या. त्यांची नावं काही कागदांत आहेत, तुमच्या लेखात ती येता कामा नयेत. तो कुणाशीही गोड बोलून ओळख करायचा, हे त्याचं काम होतं. समोरच्याचा त्यात दोष नाही. तसंच टेहळणी नेमकी कशी केली याचं रसभरीत वर्णनही नको. ताज, ओबेरॉय, लिओपोल्ड, नरिमन हाउस, सीएसटी ही ठिकाणं लिहा आणि पुढे जा.

पैशाच्या रकान्यात ‘मेजर इक्बाल’ नावाच्या माणसाने (हेडलीच्या म्हणण्यानुसार पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयचा अधिकारी) पंचवीस हजार डॉलर दिले असं येईल. सोबत पाचवा रकाना भरा: राणाच्या खटल्यात, २०११ मध्ये, हेडली स्वतः असं म्हणाला. हा ‘म्हणाला’ अंतिम मसुद्यातही राहिला पाहिजे.

कारण या प्रकरणाची मेख तिथेच आहे. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या विमानतळावर अटक झाल्यानंतर हेडली बोलतच राहिला. १८ मार्च २०१० ला त्याने बारा आरोप कबूल केले. बदल्यात फाशी टळली, आणि त्या गुन्ह्यांसाठी भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कला पाठवणार नाही अशी हमी मिळाली. जून २०१० मध्ये आपल्या एनआयएच्या (राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या) पथकाने त्याची सुमारे ३४ तास चौकशी केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ कॉन्फरन्सवरून न्यायाधीश गो. अ. सानप यांच्यासमोर साक्ष दिली; प्रश्न विचारत होते सरकारी वकील उज्ज्वल निकम. म्हणजे एकाच माणसाचे हे चार-पाच जबाब, प्रत्येक वेळी समोर वेगळा श्रोता आणि पदरात पडणारं काहीतरी वेगळं. ते तारखेच्या क्रमाने वाचा आणि शेजारी शेजारी ठेवा. फक्त शेवटचा वाचून लिहिणं म्हणजे उलटतपासणी वगळून निकाल देणं.

एक उदाहरण देते. गुजरातमधल्या एका गाजलेल्या चकमकीबद्दलचं त्याचं विधान फेब्रुवारी २०१६ मध्ये मथळ्यांत आलं. मार्चमध्ये उलटतपासणी झाली तेव्हा त्याने सांगितलं की आपल्याला त्याची प्रत्यक्ष माहिती नाही. पहिली बातमी सगळ्यांना आठवते, दुसरी फार थोड्यांना. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवा, मग ती तुमच्या मताला कितीही सोयीची असो.

राणाचंही तसंच. शिकागोच्या ज्युरीने जून २०११ मध्ये त्याला डेन्मार्कमधल्या एका वर्तमानपत्रावरच्या हल्ल्याच्या कटात आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी ठरवलं, मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मात्र सोडलं. मुख्य साक्षीदार हेडलीच होता. दोन्ही भाग लिहायचे. आपल्याला चीड येते, मलाही येते, पण निकाल जसा आहे तसाच लिहावा लागतो.

पुण्याचे विद्यार्थी हमखास एक बाण काढतात: मार्च २००९ मध्ये हेडली पुण्यात येऊन गेला, म्हणून जर्मन बेकरी. स्फोट १३ फेब्रुवारी २०१० चा. तोवर तो चार महिन्यांहून जास्त काळ अमेरिकेत कोठडीत होता. दोन ओळी वेगळ्या राहू द्या. त्यांना जोडणारा पुरावा पुढे आलाच तर तेव्हा जोडा. अमली पदार्थांच्या प्रकरणांत १९८८ आणि १९९७ मध्ये तो पकडला गेला आणि अमेरिकी यंत्रणांचा खबऱ्या झाला, हे कागदावर आहे. त्यावरून ‘डबल एजंट’ हा शब्द मात्र तुमच्या मनातून येतो, कागदातून नाही. पत्नींनी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल आधीच सावध केलं होतं, तरी तो फिरत राहिला. हा प्रश्न खरा आहे आणि विचारायलाच हवा.

मोकळीक मिळाली की याच पद्धतीने मुंबई हल्ल्याच्याच प्रकरणातला आरोपी जबिउद्दीन अन्सारी मांडून पाहा. गेवराई, औरंगाबादचा २००६ चा शस्त्रसाठा, बांगलादेश, पाकिस्तान, सौदी अरेबिया, जून २०१२ मध्ये भारतात परत. हेडलीपेक्षा हा माणूस आपल्याला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो बीड जिल्ह्यातून निघाला होता.

शेवटी सहावा रकाना आखा: त्या तारखेला मुंबईत काय चाललं होतं. हेडलीच्या पाच खेपांच्या तारखांसमोर जुन्या वर्तमानपत्रांतून शहराची साधी नोंद करा, पाऊस, लोकल, निवडणूक, काहीही. २६ नोव्हेंबर २००८ समोर मृतांची यादी जोडा. तो स्वतः त्या रात्री पाकिस्तानात होता. जानेवारी २०१३ मध्ये त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये राणाला दिल्लीत आणलं गेलं, म्हणजे नवी कागदपत्रं येणार. त्यांना स्वतंत्र ओळ द्या, जुन्या ओळी खोडू नका.