बास क्लॅरिनेट वाजवायला जाताय? आधी पार्ट उघडा

एरवी साधं क्लॅरिनेट वाजवता आणि ऑर्केस्ट्रात आता बास क्लॅरिनेटवर बसायचंय, तर पहिलं काम पार्ट, म्हणजे आपल्या वाद्याचे स्वर लिहिलेली पानं, मागवायचं. वर काय लिहिलंय बघा, इन बी फ्लॅट की इन ए, म्हणजे कुठल्या पट्टीच्या वाद्यासाठी लिहिलंय. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं, राखमनिनॉवची दुसरी सिम्फनी होती आणि इन ए आहे हे रिहर्सलला बसल्यावर दिसलं. इन ए बास क्लॅरिनेट आता जवळजवळ कुणाकडे नसतं, म्हणजे बी फ्लॅटवरच प्रत्येक स्वर अर्धा स्वर खाली वाचत वाजवायचा, आणि हे घरी बसून आठवडाभर केलं तरच जमतं, ऐनवेळी नाही. वॅगनरच्या ‘ट्रिस्टान’ ऑपेरामध्येही इन ए आहे. इन ए, इन बी फ्लॅट हे मधेच बदलतं, म्हणून फक्त पहिलं पान बघून थांबू नका, सगळी पानं बघा!

मग क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण. बी फ्लॅट वाद्यावर ट्रेबल क्लेफमधलं बहुधा लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि आणखी एक पूर्ण स्वर इतकं खाली ऐकू येतं, बास क्लेफमधलं फक्त एक पूर्ण स्वर खाली, त्यामुळे बास क्लेफ दिसला की बोटं एक सप्तक वरची लावायची. पेन्सिलने खुणा करून ठेवा. आणि इन ए आहे का ते बघितलंत ना?

वाद्य कुठपर्यंत खाली जातं तेही तपासा. शोस्ताकोविचच्या काही सिम्फनींत लो सी (खालचा सी) लागतो, लो ई फ्लॅटवर थांबणारं वाद्य तिथे चालत नाही.

चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी असेल तर कंडक्टरला आधीच विचारा. पहिल्या भागात बॅसून या खालच्या स्वरांच्या फुंकवाद्याला सहा पी (म्हणजे अगदी बारीक आवाजात) लिहिलेले चार स्वर आहेत, ते बरेचदा बास क्लॅरिनेटला देतात, कारण इतक्या बारीक आवाजात बॅसूनवर फार अवघड. मूळ स्कोअरमध्ये बास क्लॅरिनेट नाहीच, त्यामुळे तुम्हाला कुणी आपणहून सांगेल असं धरू नका.

चायकोव्हस्कीच्याच ‘नटक्रॅकर’ बॅलेमध्ये शुगर प्लम फेअरीच्या नाचात चेलेस्टाला (घंटीसारख्या आवाजाचं कीबोर्ड वाद्य) उत्तर देत खाली उतरायचं असतं, गार वाद्य तिथे बेसूर लागतं, आधी आवाज न करता गरम हवा फुंकत राहा.

बाकी पटापट: जास्तीच्या रीड, जोडताना ब्रिज की (दोन भागांना जोडणारी कळ) वाकवू नका, पेगला (वाद्य जमिनीवर टेकवायचा दांडा) रबर, गळ्याचा पट्टा, दोन्ही क्लॅरिनेट वाजवायची असतील तर दुसरा स्टँड, स्वॅब (आतला ओलावा पुसायचं कापड).