बो की लुईस? न झालेल्या लढतीचा निकाल कसा काढायचा

रिडिक बो आणि लेनॉक्स लुईस, नव्वदच्या दशकातले दोन हेवीवेट बॉक्सर, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकमेकांशी कधीच लढले नाहीत. लढले असते तर कोण जिंकलं असतं? आमच्याकडे दर दिवाळीला हा वाद निघतो. मेहुणा लुईसवाला, मी बोवाला. मी स्वतः जिल्हा पातळीपर्यंत ८ लढती खेळलो, ३ जिंकलो, त्यामुळे माझं कोणी फारसं ऐकत नाही. म्हणून आता वाद वहीवर घालतो.

आधी तारीख लिहा. ‘रिडिक बो विरुद्ध लेनॉक्स लुईस’ एवढ्याने काही ठरत नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या होलीफिल्डला हरवणारा बो २३५ पौंडांचा होता. वर्षभराने त्याच होलीफिल्डकडून हरला तेव्हा २४६. हे ११ पौंड कुठून आले ते पोट सांगत होतं. १९९२ चा लुईसही पुढचा लुईस नव्हे. तेव्हा त्याचा सगळा जीव उजव्या हातात. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉल या बॉक्सरने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवा केला, आणि मॅकॉलच्या कोपऱ्यातले इमॅन्युएल स्टुअर्ड पुढे लुईसचेच प्रशिक्षक झाले. लुईसचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खरा घोटला गेला तो त्यानंतर.

मग आवाज बंद करून प्रत्येकाच्या ३ फेऱ्या बघा. समालोचक डोक्यात शिरला की संपलं. ठोसे मोजू नका, पाय बघा. जॅब बसल्यावर मागे कोण सरकतो? उंची दोघांची ६ फूट ५ इंच, पण हातांचा पल्ला लुईसचा ८४ इंच, बोचा ८१. म्हणजे लांबून लुईस. पण बो छातीला छाती भिडवून अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायचा, एवढ्या धिप्पाड माणसाला न शोभणाऱ्या सफाईने. तिथे लुईस काय करेल? मिठी मारेल, अंगावर रेलेल. रेफरी ते किती चालवून घेतो, यावर अर्धी लढत अवलंबून.

जुन्या निकालाला थोडेच गुण द्या. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसने बोला दुसऱ्या फेरीत थांबवलं होतं. मेहुण्याचा हा हुकमी एक्का. पण ते हेडगार्ड घालून, तीन फेऱ्यांचं हौशी बॉक्सिंग. इथे बारा फेऱ्या.

‘सामाईक प्रतिस्पर्धी’, म्हणजे दोघेही ज्याच्याशी लढले तो, हा तर सापळाच. पोलंडच्या गोलोटाने १९९६ मध्ये बोला दोनदा बदडलं आणि दोन्ही वेळा कमरेखाली मारून स्वतःच बाद झाला. पुढच्या वर्षी लुईसने त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं. यावरून लुईस मोठा म्हणाल, तर तो बो कितव्या सालातला होता ते परत बघा.

शेवटी ‘जिंकेल’ लिहू नका, शंभरात किती ते लिहा. माझ्या वहीत: १९९३ चा वसंत, बो ५५, गुणांवर. १९९७, लुईस ९०, सहाव्या फेरीच्या आत. दुसऱ्या ओळीखाली मेहुण्याने सही केली आहे. पहिलीखाली अजून करत नाही.