हातच्याची वजाबाकी: आधी हातात, मग वहीत

लेकरू आधी हातानं शिकतं, मग तोंडानं, आणि वहीत सगळ्यात शेवटी. दुसरी-तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी घेताना हा क्रम उलटला, की मुलं रीत पाठ करतात आणि पंधरा दिवसांत विसरतात.

चार मुलांच्या गटाला तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या झाडांच्या, शेंड्याकडच्या बारीक काड्या लागतात. बोटभर लांबीच्या शंभर काड्या तोडा, धुऊन वाळवा, टोकं घासून घ्या. सोबत दहा रबर द्या. चिंचोके मोजायला चांगले, पण दहा चिंचोके एकत्र ठेवले तरी ते सुटेच राहतात. काड्यांची मात्र पेंढी होते, आणि कडब्याची पेंढी आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. म्हणून पहिले आठ दिवस दशकाला पेंढीच म्हणा. पेंढ्या तयार करून देऊ नका. मुलानं दहा मोजून स्वतः बांधायची, जोडीदारानं सोडून मोजायची. नऊची किंवा अकराची पेंढी हमखास निघते, आणि ती तशीच राहिली तर पुढचं सगळं गणित बिघडतं.

आता ५२ − २७. पाच पेंढ्या, दोन सुट्या काड्या. 'सात काड्या दे' म्हणा आणि गप्प बसा. मूल दोन काड्या उचलतं, थांबतं, पेंढीकडे बघतं. ही थांबायची वेळ त्याच्याकडून हिरावून घेऊ नका. मिनिटभरात बहुतेक मुलं स्वतःच रबर काढतात. आता चार पेंढ्या आणि बारा सुट्या. त्यातून सात दिल्या, दोन पेंढ्या दिल्या, उरल्या २५. हे करताना 'उसना घेतला' म्हणू नका. उसनं परत करावं लागतं, आणि विचार करणारं मूल ते कधी परत करायचं असं विचारतं. 'पेंढी सोडली' एवढंच म्हणा.

तीन दिवस फक्त काड्या. मग दोन दिवस काड्या मांडताना जे केलं ते मोठ्यानं बोलणं. त्यानंतर वहीत पेंढीला उभी रेघ आणि सुटीला टिंब. आकडे त्याच्याही नंतर.

आकड्यांकडे येताना आपल्या संख्यानावांची अडचण लक्षात ठेवा. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. म्हणून मूल २५ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९ लिहितं. एकोण म्हणजे एक कमी, हे तीन पेंढ्यांतली एक काडी काढून दाखवा. तेलंगणाच्या सीमेवर देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना हे जास्तच जड जातं, कारण तेलुगूत दशक आधी येतो: इरवै एडु, म्हणजे वीस सात. अशा मुलाला वजाबाकी येत नाही असं ठरवण्याआधी तेच गणित फळ्यावर लिहून द्या.

खरी परीक्षा चुकलेल्या उत्तराची आहे. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, तर त्यामागं दोन वेगळ्या चुका असू शकतात. एका मुलानं वरखाली न बघता मोठ्यातून लहान वजा केलं: सातातून दोन, पाच. दुसऱ्यानं पेंढी बरोबर सोडली, पण दशकाच्या घरात पाचाचे चार करायचे राहिले. लाल पेनाची फुली दोघांनाही सारखीच. म्हणून लगेच ५० − २७ द्या. पहिल्याचं उत्तर ३७ येईल, दुसऱ्याचं ३३. (बरोबर उत्तर २३.) पहिल्याला पुन्हा काड्यांकडे न्या. दुसऱ्याला काड्यांची गरज नाही. पेंढी सोडली की लगेच दशकावर काट मारून नवा आकडा लिहायची सवय लावा. दोघांकडून तीच दहा गणितं पुन्हा लिहून घेतली तर चूकच पक्की होते. 'कसं केलंस, सांग' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. दुकानात बसणारं मूल २७ ला तीन मिळवून तीस, वर वीस, असं करून २३ सांगेल. ती रीत खरी आहे, मोडू नका.

शून्य मधे आलं की ४०२ − १६८ सारखी गणितं. गटांच्या काड्या एकत्र घ्या आणि दहा-दहा पेंढ्या सुतळीनं बांधून शेकडे करा. शेकडा सोडला की दहा पेंढ्या, त्यातली एक सोडली की नऊ उरतात. २३४ ऐवजी २४४ आलं, तर हे नऊ व्हायचे राहिले.

शिकवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग पुढच्या आठवड्यात तीन-तीन गणितं वही न उघडता द्या. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना वर्ग जिथं पोचलाय तिथं बसवू नका. ५२ − २७ आणि ५० − २७ एवढी दोनच गणितं द्या, दहा मिनिटांत कुठून सुरुवात करायची ते कळतं. ज्याला पेंढीपासून लागेल त्याच्या जोडीला पेंढी बांधून दाखवणारं मूल द्या, आणि काड्यांचा डबा त्याच्या हाताला लागेल असा खालच्या फळीवर ठेवा.