पंचाहत्तरी, एकसष्टी घरीच करताय? या चुका टाळा

आईची पंचाहत्तरी आम्ही घरीच केली. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं. पितळी परातीत कणकेचे दिवे मांडले आणि मी नि वहिनी, दोघीच एकेक दिवा लावायला बसलो. चाळिसाव्या दिव्यापर्यंत पोचेतो पहिल्या रांगेतल्या वाती काळ्या पडल्या. तेवढ्यात उकडतंय म्हणून कोणीतरी पंखा लावला, निम्मे दिवे विझले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आई पाटावर मांडी घालून बसलेली, समोर दिव्यांची धग. अखेर ओवाळून झालं, तर आईला उठताच येईना, गुडघे आखडले होते. दोन भाच्यांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. त्या वेळचा तिचा चेहरा एका फोटोत आला आहे. तो फोटो आम्ही कोणी कोणाला पाठवला नाही.

त्यानंतर घरात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, काकांची एकसष्टी झाली. आधी चुकलेलं पुढच्या वेळी सुधारत गेलो. तुमच्या घरी असा दिवस यायचा असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

दिव्यांचं आणि पाटाचं

पंच्याहत्तर दिवे उचलून ओवाळायचे नसतात, हे पहिलं. ते माणसासमोर दोन-तीन हात अंतरावर, टेबलावर किंवा चौरंगावर मांडून ठेवा. प्रत्यक्ष ओवाळायला ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी, हळदकुंकू आणि अक्षता पुरे. कणिक घट्ट मळा, चिमूटभर हळद घाला आणि दिवे आदल्या दिवशी दहा मिनिटं वाफवून घ्या. कच्चा दिवा तूप पिऊन टाकतो, म्हणून वात लवकर विझते. फुलवाती पातळ केलेल्या तुपात बुडवून फ्रीजमध्ये थिजवून ठेवल्या की ऐन वेळी फक्त दिव्यात ठेवायच्या. लावायला चार-पाच जणं, प्रत्येकाच्या हातात एक पेटती मेणबत्ती, एकेकाला पंधरा-वीस दिवे. दोन मिनिटांत लागतात. पंख्याच्या बटणापाशी एक जबाबदार माणूस उभा करा. घरात कोणाला ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर त्या खोलीत ज्योत अजिबात नको, तिथे नुसती फुलं आणि अक्षता घ्या.

आणि पाट? हात असलेल्या खुर्चीवर बसवा, पाट पायाखाली द्या, रांगोळी पाटाभोवती काढा. सासऱ्यांना असंच बसवलं. शास्त्राचा प्रश्न एका वडीलधाऱ्यांनी काढला होता, गुरुजींनीच सांगितलं, "पूर्वेला तोंड आहे ना? मग झालं."

वर्षं मोजताना

इथे फार घरांची गफलत होते. एकसष्टी साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागताना करतात. पंचांगात प्रत्येक वर्षाला नाव असतं, ते संवत्सर. अशी संवत्सरं साठ, म्हणून साठ वर्षांनी जन्माच्या वेळचं संवत्सर पुन्हा येतं. शके 1887 मध्ये विश्वावसू होतं, ते परत आलं शके 1947 ला, म्हणजे 2025 च्या गुढीपाडव्याला. शांत, म्हणजे त्या वयाची शांतिपूजा, करायची असेल तर साठीची उग्ररथ, सत्तरीची भैमरथी, पंचाहत्तरीची ऐंद्री. गुरुजींशी बोलताना नाव माहीत असलं की घोळ होत नाही. सहस्रचंद्रदर्शन लोक ऐंशीव्या वाढदिवसालाच उरकतात, पण हिशोब करून बघा. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर सुमारे दहा महिने लागतात. अधिक महिने धरूनच हा आकडा येतो. चंद्र मोजायचेच असतील तर नीट मोजावेत, असं मला मनापासून वाटतं.

त्याहून मोठी अडचण कागदावरच्या तारखेची. त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जून असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख टाकली. आमच्या काकांची दाखल्यावर 1 जून 1962 आहे. पण आजी सांगायची, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा हा सहा महिन्यांचा होता. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. म्हणजे दाखल्याप्रमाणे एकसष्टी केली असती तर जवळपास दीड वर्ष उशिरा झाली असती! घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठला सण जवळ होता, पाऊस होता का, कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर. मग जुनं पंचांग काढून तिथी पक्की करा. हे दोन-तीन महिने आधी करायचं काम आहे.

सरप्राइज नको

पंचविशीला, चाळिशीला द्या. पंचाहत्तरीच्या माणसाला नको. दार उघडताच चाळीस माणसं ओरडली की त्याला कवळी लावलेली नसते, साधी साडी अंगावर असते, दुपारची गोळी राहिलेली असते. शिवाय कोणाला बोलवायचं हे तुम्ही ठरवलेलं असतं. आईने नंतर एकदाच विचारलं होतं, "माझ्या शाळेतल्या बाईंना का नाही बोलावलं?" त्या दोघी तीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होत्या. आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सासऱ्यांच्या वेळी वही पेन घेऊन त्यांच्यापाशी बसलो, त्यांनी बावीस नावं सांगितली. त्यातली पाच आम्ही कधी ऐकलेलीही नव्हती.

ओवाळायला कोण?

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आईच्या पंचाहत्तरीला ओवाळायला सवाष्णींना हाका मारल्या, पाचजणी झाल्या, फोटो झाले. माझी एक काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात धरून उभी होती. तिचेही यजमान गेलेले. तिला कोणी हाक मारली नाही आणि तीही पुढे झाली नाही. आईचं लक्ष गेलं. "तू का तिथे उभी? ये, ओवाळ मला," असं तिने सगळ्यांसमोर म्हटलं. काकूचे हात इतके थरथरत होते की निरांजन मी खालून धरलं.

ही चूक आमची होती, आधी ठरवलं नाही म्हणून झाली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर आपल्या चार खोल्यांत का नाही? ओवाळणाऱ्यांची यादी करा आणि त्यात ही नावं आधी लिहा. घरातल्या मोठ्या बाईशी आणि गुरुजींशी आठवडाभर आधी बोला. त्या बायकांनाही आधी सांगा, म्हणजे त्या नवी साडी नेसून, मनाची तयारी करून येतील.

केक कापायचा की नाही, मेणबत्ती फुंकायची की नाही, यावर मात्र वाद घालू नका. ज्याचा दिवस त्याला जे आवडेल ते.

जेवण

मसालेभाताला एक किलो तांदूळ दहा-बारा जणांना पुरतो, श्रीखंड माणशी शंभर ग्रॅम धरा, पुऱ्या चार-पाच. पस्तीसहून जास्त पानं असतील तर स्वयंपाक बाहेरून मागवा. घरी केला की घरातल्या बायका दिवसभर ओट्याशी आणि फोटोत फक्त पुरुष, असं होतं. जिची पंचाहत्तरी तीच चहाचं आधण ठेवायला उठते, हेही मी पाहिलं आहे. पंगत बसवायची तर टेबलखुर्ची हवी. साखरेचा त्रास असलेल्यांना वेगळं ताट देऊन सगळ्यांत उघडं पाडू नका, श्रीखंडाच्या वाट्या लहान ठेवा आणि आग्रह करू नका.

परदेशातली मुलं आणि भाषणं

सकाळी अकराचा मुहूर्त म्हणजे न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली असते. धार्मिक विधी सकाळी करा, व्हिडिओ कॉल संध्याकाळी सातला. तेव्हा लंडनला दुपार आणि न्यूयॉर्कला सकाळ असते. फोन हातोहात फिरवू नका, स्टँडवर लावा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच घर. कानाचं यंत्र असलेल्या माणसाला गलक्यात नातवाचा आवाज कळतच नाही.

भाषणं प्रत्येकी तीन मिनिटं. उत्सवमूर्तीला मात्र वेळ द्या, पण "दोन शब्द बोला" म्हणून माईक पुढे केला तर बहुतेक जण गप्प होतात. त्याऐवजी एखादा जुना फोटो हातात द्या आणि विचारा, हे कुठलं अंगण? आवाज रेकॉर्ड करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उपटायला जाऊ नका, फाटतात. पानाचाच फोटो काढा.

दुसरा दिवस

सगळे एकाच संध्याकाळी निघून गेले की घर फार रिकामं वाटतं. कोणीतरी एकाने थांबायचं, हे आधीच ठरवा. आईकडे मी थांबले होते. दुपारी तिने उरलेला मसालेभात परतला, आम्ही दोघी ओट्याशीच उभ्या राहून खाल्ला. हात धुता धुता ती म्हणाली, "काकूला फोन लाव गं. तिचं नीट जेवणच झालं नाही काल."