पेन्सिल धरायला शिकवताना या चुका टाळा

दसऱ्याला पाटीपूजन होतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच घोष सुरू होतो, ‘अगं, नीट धर ना पेन्सिल!’ मूल जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं, पेन्सिल 17-18 सेंटिमीटर लांब, आणि ती पेलण्याचं बळ बोटांत अजून आलेलंच नसतं. मग ते जमेल तशी धरतं आणि हाताला तीच सवय लागते.

वयाआधी गिरवायला बसवणं

दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं. दोन-तीन वर्षांचं मूल तळहात जमिनीकडे करून बोटांनी धरतं. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटं पुढे येतात, पण हात मनगटातूनच हलतो. नुसती बोटं हलवून लिहिणं साधारण साडेचार ते सहा या वयात जमतं. मनगटातली आठही छोटी हाडं जन्मतः कूर्चेची (हाडापेक्षा मऊ आणि लवचीक) असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून पक्की होत जातात. त्यामुळे तिसऱ्या वर्षीची मूठ ही चूक नव्हे. त्या वयात ‘ग म भ न’च्या ओळी भरून घेतल्या, तर मूल खांदा ताठ करतं, दात आवळतं आणि वही बघताच उठून पळतं.

बोटांची तयारी वहीवरच शोधणं

तयारी खरी होते ती स्वयंपाकघरात आणि अंगणात. चिमटीत रांगोळी धरताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं जुळतं, तीच पेन्सिलीची पकड. रेघ बारीक आणि सलग पडायची तर अंगठा तर्जनीवर सावकाश घासावा लागतो, आणि पेन्सिल चालवताना नेमकी हीच हालचाल लागते. रांगोळीची भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून लहानांना तांदळाचं पीठ द्या. मटार सोलणं, भिजवलेल्या बदामाची सालं काढणं, कणकेच्या गोळ्या वळणं, वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावणं, सुईदोऱ्याऐवजी बुटाच्या नाडीत मोठे मणी ओवणं, यांतलं रोज एखादं काम दहा मिनिटं पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मणी, शेंगदाणे, चणे देऊ नका. ते घशात किंवा नाकात अडकतात. मोठ्या मुलांनाही ही कामं तुमच्यासमोर बसूनच करू द्या.

खांद्याकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. खांदा डळमळीत असला की बोटं पेन्सिल आवळून धरतात. बागेतल्या दांड्याला लोंबकळणं, हातांवर चालणं, भिंतीला चिकटवलेल्या कागदावर रंगवणं हे त्यावरचे उपाय. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा मोकळा होतो.

लांब आणि गुळगुळीत साधन देणं

मेणखडू मोडून 4-5 सेंटिमीटरचा तुकडा द्या. तेवढ्याशा तुकड्यावर मुठीला जागाच उरत नाही, बोटांनीच धरावा लागतो. पाटीवरची पेन्सिल याच कारणाने चांगली. ती आखूड असते आणि घासून चालते, त्यामुळे किती जोर लागतोय ते हाताला कळतं. मूल ती पेन्सिल खात असेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांना सांगून रक्तातलं लोह तपासून घ्या.

बाजारातली रबरी ग्रिप चढवली की बोटं जागेवर बसतात. मात्र हात अशक्त असेल तर ती काढताच मूठ परत येते.

दर रेघेला बोटं ओढून बसवणं

याने मूल चिडतं आणि शिकत काहीच नाही. बसताना एकदाच हे करून घ्या:

1. पेन्सिल टोक मुलाकडे करून टेबलावर आडवी ठेवा.
2. टोकापासून 2-2.5 सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीने चिमटून उचलायला सांगा.
3. दुसऱ्या हाताने मागचं टोक ढकलून पेन्सिल उलटी फिरवायची, म्हणजे ती अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात टेकते.
4. मधलं बोट खालून आधाराला.
5. करंगळी आणि अनामिका मिटत नसतील, तर त्यांच्यात कापसाचा छोटा बोळा धरायला द्या.

अंगठ्यासोबत तर्जनी आणि मधलं बोट अशी दोन्ही वरून आली आणि खालून अनामिकेचा आधार राहिला, म्हणजे चार बोटांची पकड झाली, तरी चालते. अंगठा तर्जनीवरून पलीकडे जात असेल आणि हात न दुखता अक्षर नीट येत असेल, तर तीही बदलत बसू नका.

बसण्याकडे दुर्लक्ष

पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या. टेबल मुलाच्या कोपराइतक्या उंचीचं हवं. जमिनीवर बसवायचं तर पुढे चौरंग ठेवा, पोटावर झोपून लिहू देऊ नका. उजव्या हाताच्या मुलाची वही किंचित डावीकडे कललेली हवी.

डावखुऱ्या मुलाची वही उजवीकडे कलवा आणि त्याला पेन्सिल टोकापासून 3-4 सेंटिमीटरवर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि पुसत नाही. हात बदलायला लावू नका. कोणता हात पुढे राहणार हे चौथ्या ते सहाव्या वर्षादरम्यान आपसूक ठरतं.

दाब फार किंवा फार कमी

पानाच्या मागून बोट फिरवून बघा. अक्षर उमटून टोचत असेल, तर दाब जास्त आहे. कागदाखाली जाड टॉवेल ठेवा, म्हणजे दाबलं की कागद फाटतो आणि हात आपणच हलका होतो. रेघ पुसट येत असेल तर 2बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल द्या आणि कार्बन पेपर घालून खालच्या पानावर चित्र उमटवण्याचा खेळ खेळा.

पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही मूठच असेल, पाचेक मिनिटांत हात दुखत असेल किंवा बटण, चमचा, कात्री यांतलं काहीच जमत नसेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ एकच हात वापरत असेल, तर मात्र थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.