शाळेतून बोलावणं आलं की

"उद्या दोन्ही पालक या" असा शाळेतून फोन आला की इंदूरमधल्या बहुतेक मराठी घरांत त्या रात्री मुलाची उलटतपासणी होते. सकाळी आई-बाबा हात जोडून प्राचार्यांच्या खोलीत जातात आणि समोर येईल त्या कागदावर सही करून परततात. सहा महिन्यांनी तोच कागद 'पालकांनी आरोप मान्य केला होता' म्हणून पुढे केला जातो.

शाळेत मुलाच्या नावाने दोन प्रकारच्या नोंदी होऊ शकतात. एक वागणुकीची: डायरीतले लाल शेरे, ताकीद, माफीनामा. दुसरी मदतीची: समुपदेशकाची भेट, विशेष शिक्षकाचा अहवाल, परीक्षेतली सवलत. पहिली फाईल शाळा आपणहून भरते. दुसरी पालकाने लेखी मागितल्याशिवाय सहसा उघडतच नाही. प्रकरण चिघळलं की ज्या मुलाची फक्त पहिलीच फाईल जाड आहे, त्याची बाजू लंगडी पडते. म्हणून दुसरी फाईल वेळेत उघडायची, एवढाच पुढच्या सगळ्या सांगण्याचा रोख आहे.

फोन आल्यापासून बैठकीपर्यंत

फोनवरच तीन गोष्टी विचारा: घटना कोणत्या दिवसाची, तक्रार कोणाची, बैठकीला कोण कोण असणार. फोन ठेवल्यावर तेच शाळेच्या ईमेलवर किंवा डायरीत लिहून टाका. इंदूरमध्ये शाळेचा आणि सरकारी कार्यालयांचा कागद हिंदीतच चालतो, तेव्हा एवढं पुरे: 'आज फोन पर हुई चर्चा के अनुसार कल 11 बजे उपस्थित रहूँगी। कृपया घटना का विवरण लिखित में दें।' आपली हिंदी मराठी वळणाची असली तरी बिघडत नाही. व्याकरणाला तिथे कोणी मार्क देत नाही. तारीख आणि मागणी स्वच्छ हवी. छापील अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. प्रत घ्यायला कार्यालय टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टाची पावती हाच पुरावा.

मुलाशी बोलताना 'का केलंस?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. 'का' ऐकलं की मूल बचावाच्या पवित्र्यात जातं आणि घडलेलं व रचलेलं एकत्र होतं. आधी कुठे, किती वाजता, कोण कोण होतं, त्याच्या आधी काय झालं होतं हे विचारा. त्याच रात्री त्याच्याच शब्दांत लिहून खाली तारीख घाला. 'भांडण झालं' या दोन शब्दांमागे तीन आठवड्यांची चिडवाचिडवी असते, आणि ती बऱ्याचदा या 'आधी काय झालं' मध्येच सापडते.

वर्गात, जिन्यात किंवा बसमध्ये कॅमेरा असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं. साठवण भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. चार दिवस 'बघू' म्हणण्यात गेले की मागूनही उपयोग नाही. इतर मुलं दिसत असल्याने शाळा प्रत देणार नाही, तेव्हा 'जपून ठेवा आणि आम्हाला दाखवा' एवढंच मागा.

बैठकीला आजोबांना पाठवायचं असेल तर (आपल्याकडे निवृत्त आजोबा हेच घरातले शाळामंत्री असतात) दोन ओळींचं अधिकारपत्र सोबत द्या, नाहीतर सगळं बोलून झाल्यावर 'पालकांनाच पाठवा' म्हणतात.

सही करताना

बैठकीत एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. चौकशीत मुलाकडून काही लिहून घेतलं असेल तर त्याची प्रत मागा. खरी अडचण माफीनाम्याची. तयार छापील मजकुरात 'माझ्या पाल्याने हे कृत्य केले असून पुन्हा झाल्यास शाळेचा कोणताही निर्णय मान्य राहील' अशी ओळ असते. ती आहे तशी मान्य करू नका. ती खोडून 'घटनेची माहिती दिली गेली, चौकशी पूर्ण झालेली नाही, आम्ही सहकार्य करू' असं लिहा, खाली सही आणि तारीख, आणि मोबाईलवर फोटो. चूक खरोखर झाली असेल तर ती कबूल करायला हरकत नाही, उलट करावीच. पण झाली तेवढीच. कोऱ्या कागदावर सही नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्याच बैठकीत आणि त्याच कागदावर दुसरी फाईल उघडा: 'मुलाला शाळेच्या समुपदेशकाची भेट मिळावी, चार आठवड्यांनी प्रगती कळवावी.' एवढ्या एका वाक्याने पालक बचावाच्या बाकावरून उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येतात.

शिक्षा कुठवर?

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. अंगठे धरून उभं करणं, कोंडून ठेवणं, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणं हे सगळं त्यात येतं. कलम 16 म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास झालेल्या मुलाला, दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा दिल्यावरही नापास झाला तर, त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकायची नाही. एक पाचर मात्र लक्षात ठेवा: 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. इंदूरमधल्या काही नावाजलेल्या शाळा याच गटातल्या आहेत. तिथे मारहाण झाली तर बालन्याय कायदा, 2015 चं कलम 75 आधाराला येतं, ते सगळ्यांनाच लागू आहे.

आठवीपर्यंत काढता येत नाही, मग शाळा काय करते? पालकांकडूनच अर्ज लिहून घेते: 'वैयक्तिक कारणास्तव टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) मिळावी.' समजावणीच्या सुरात सांगतात की रेकॉर्ड खराब होणार नाही, दुसरीकडे सहज प्रवेश मिळेल. असा अर्ज लिहिला की कायद्याच्या लेखी मुलाला कोणी काढलेलंच नसतं, तुम्हीच नेलं. शाळा बदलायची असेल तर खुशाल बदला, पण अर्जात खरं कारण लिहा.

नववीच्या पुढे हे कवच नाही. तिथे आरोपाची लेखी सूचना, म्हणणं मांडायची संधी आणि लेखी आदेश या तीन गोष्टी मागायच्या. निलंबन झालं तर ते दिवस हजेरीत कसे धरणार हे लेखी विचारा. सीबीएसईच्या दहावी-बारावीला 75 टक्के हजेरी लागते. समजा वर्षात 200 दिवस शाळा भरली, तर गैरहजेरीचं सगळं भांडवल 50 दिवसांचं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) पहाटेपर्यंत पाहून बुडवलेला दिवस, पुण्याच्या मावशीकडचं लग्न, डेंग्यूचे दहा दिवस, हे सगळं त्याच 50 मधून जातं. आजारपणाचा अर्ज डॉक्टरांच्या कागदासह त्याच वेळी द्या. फेब्रुवारीत जमवलेल्या प्रमाणपत्रांकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही.

दोन गोष्टींत पालक स्वतःच अडकतात. पहिली, ॲक्टिव्हा. 16 ते 18 वयात परवाना फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा मिळतो, आणि घरात असते ती गाडी 110 सीसीची. अल्पवयीन मुलाने चालवताना गुन्हा केला तर मोटर वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. शाळा फाटकाशी गाडी अडवते तेव्हा हुज्जत घालू नका. दुसरी, दप्तरात सापडलेली गुटख्याची पुडी. शाळा मुलाला निलंबित करून मोकळी होते. पण शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, आणि मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुडी कुठल्या टपरीवरून आली हे शाळेला लेखी कळवा, आणि सोबत समुपदेशन मागा.

लैंगिक छळाची शंका असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे शाळेची अंतर्गत चौकशी आणि समेट याला जागाच नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा) कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, प्राचार्यांनासुद्धा. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, आणि पालक समोर असतात. 1098 या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन करूनही सुरुवात होते.

मदत मागायची कशी

वागणुकीच्या तक्रारींमागे पुष्कळदा न ओळखलेली अडचण असते. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, तासाला उठून फिरतो, वही रिकामी, मग शेजाऱ्याची खोडी. असं मूल 'मस्तीखोर' ठरून दोन वर्षं निघून जातात. डायरीतल्या सहा महिन्यांच्या शेऱ्यांची यादी करा. तेच दोन-तीन शेरे, त्याच विषयाच्या तासाला पुन्हा पुन्हा दिसत असतील तर आधी डोळे आणि कान तपासा. ही तपासणी स्वस्त आहे आणि हमखास विसरली जाते. त्यानंतर शिकण्यातल्या अक्षमतेची तपासणी. एमवाय या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे जाताना शाळेच्या वह्या न्या, नीटनेटक्या नव्हे, खऱ्या.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करा. तपासणी मेडिकल बोर्डाकडे होते. आधार, समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंब-ओळख नोंद) आणि शाळेच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते अर्जाआधी बघा. मराठी आडनावांचा इथे हटकून घोळ होतो: एका कागदावर 'देशपांडे', दुसऱ्यावर 'देशपाण्डे', तिसऱ्यावर वडिलांचं नावच नाही. अर्ज अडकतात ते बहुधा यामुळे.

प्रमाणपत्र हातात आलं की सवलती सांगूनच मिळवाव्या लागतात. सीबीएसईत पात्र मुलाला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकही मिळू शकतो. ही मागणी नववीच्या नोंदणीच्या वेळीच शाळेकडे द्या. दहावीच्या जानेवारीत कागद नेला तर धावपळ ठरलेली. वर्षभराच्या चाचण्यांतही तीच सवलत मागा, कारण लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे सरावाचं काम आहे. पहिल्यांदा बोर्डातच करणाऱ्या मुलाचा जादा तास तसाच वाया जातो.

मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

वर जायचं तर

प्राचार्यांना लेखी, मग संस्थेच्या व्यवस्थापनाला, मग जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना. सीबीएसईची शाळा असेल तर एक प्रत मंडळाच्या भोपाळ विभागीय कार्यालयाला. कलेक्टर कार्यालयात दर मंगळवारी जनसुनवाई (लोकांच्या तक्रारींची सुनावणी) असते. दोन प्रती आणि घटनाक्रमाचं एकच पान न्या, जाडजूड फाईल तिथे कोणी उघडत नाही. शिक्षण हक्काची तक्रार असेल तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे. सीएम हेल्पलाईन 181 वर तक्रार केली की ती एका पायरीवरून वरच्या पायरीवर चढत जाते. मधेच 'काम होईल, तक्रार बंद करा' असे फोन येतात. काम झाल्याशिवाय 'संतुष्ट' म्हणू नका. एकदा बंद झालेली तक्रार पुन्हा पहिल्या पायरीवरून चढवावी लागते. खासगी शाळेला थेट माहिती अधिकार लावता येत नाही, पण शाळेने जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवलेले कागद त्या कार्यालयातून मागता येतात.

शाळा बदलायचीच ठरली तर नुसती टीसी हातात घेऊन घरी जाऊ नका. जुन्या शाळेने यूडायस प्लस या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर मुलाचं नाव मोकळं केलं का, ते तिथेच विचारा आणि पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) लिहून घ्या. नाव तिथे अडकलं तर नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढता येत नाही. महाराष्ट्रातून बदलून आलेल्यांना अशीच अडचण 'शाळा सोडल्याचा दाखला' दाखवताना येतो: इथे त्याला टीसी म्हणतात, आणि त्यासोबत समग्र आयडी मागतात. तो आधी काढून ठेवा. कुटुंबाचा आठ आकडी असतो, मुलाचा नऊ आकडी, आणि शाळेला लागतो तो नऊ आकडी.